गोजराआक्काच्या कानांची बातमी

आमच्या भरे नावाच्या गावात नवी सून आली की सासू तिला आधी पाणवठा दाखवायची आणि जाता जाता सांगायची, "ती काळ्या दगडावर बसलीय ना, ती गोजराआक्का. बहिरी हाय. तिला हाका मारत बसू नगंस."

सून मान डोलवायची. महिन्याभरात तीच सून त्या काळ्या दगडाशेजारी जागा धरायची आणि धुणं आपटता आपटता सासूबद्दल पोटात साचलेलं सगळं गोजराआक्काच्या कानाशी ओतायची. आक्का लुगडं पिळायची, मधेच मान वर करून "आं?" म्हणायची आणि हसायची. सून हलकी होऊन घरी जायची. मीही ओतलंय. काय, ते इथं लिहिणार नाही. बाईनं लिहायला घेतलं म्हणजे तिनं पोटातलं सगळंच लिहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी आपल्या आईला विचारून यावं.

आता खरं सांगते. गोजराआक्काला ऐकू येत होतं. पानावरून टपकणारं दव ऐकू यावं, इतकं. हे मला तिनं स्वतः सांगितलं आणि "मी गेल्यावर लिही, आधी न्हाई" अशी परवानगीही तिनंच दिली. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ही सगळी गोष्टच परवानगीची आहे.

झालं होतं असं. तरुणपणी तिला हिवताप आला. तेव्हा कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या देत. त्या गोळ्यांनी ताप उतरला, पण कान गच्च बंद झाले. घरात सासू होती, आणि ती सासू म्हणजे तोंडाचा पट्टा. पहाटे पहिली हाक गोजराबाईला, रात्री शेवटची शिवी गोजराबाईला. कान बंद झाल्यावर सासूनं चार दिवस ओरडून पाहिलं. पण बहिऱ्या माणसाला शिव्या देण्यात काही राम नसतो. शिवी अंगाला लागली की नाही हे समोरच्याच्या तोंडावर दिसायला हवं, तर देणाऱ्याला गोडी. सासूनं कंटाळून नाद सोडला. महिन्याभरानं गोजराबाईचे कान उघडले. पहिलं काय ऐकू आलं, तर सासू शेजारणीला सांगत होती, "कामाला वाघीन हाय हो, फकस्त ऐकू येत न्हाई."

सासूच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा कौतुक! गोजराबाईनं तिथल्या तिथं ठरवलं, कान उघडल्याचं कुणाला सांगायचं नाही. सासू गेली, दीर वेगळे झाले, मुलगा पुण्याला गिरणीत लागला. आक्का बहिरीच राहिली.

तिचा नवरा कोंडाजी. मोठा आवाज, मोठ्या मिशा आणि बैलांची जोडी त्याच्याहून मोठी. त्याला एक खोड होती. बायकोवरचा राग तो बायकोसमोरच, पण बैलांना सांगायचा. ती गाडीत मागं बसलेली, हा पुढं. "चल रे सर्ज्या, घरी जाऊन खायचंय काय, तर चिखल! भाताचा चिखल करती बया!" मागं वळून गोड हसायचा, खुणेनं विचारायचा, नीट बसलीस ना? तीही गोड हसायची. दुसऱ्या दिवशी भात मोकळा व्हायचा. कोंडाजीला वाटायचं, आपलं नशीब.

अशा सुखाच्या संसारात भाताचं एक कुसळ शिरलं.

चीनच्या लढाईच्या पुढच्या वर्षीची झोडणी चालली होती. खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटताना एक कुसळ आक्काच्या कानात गेलं. आठवडाभर तिनं तेल सोडलं, शेक घेतला. कान सुजून पुरीसारखा फुगला, तेव्हा कोंडाजीनं गाडी जुंपली आणि तिला पिरंगुटाला नेलं.

पिरंगुटाला तेव्हा एक डॉक्टर होता. पुण्याहून फटफटीवर यायचा. हात चांगला, औषध चांगलं, मनानंही वाईट नव्हता. पण त्याची एक रीत होती. तपासायचं एकाला आणि सांगायचं दुसऱ्याला. बाई आत बाकावर, आणि हा बाहेर ओसरीवर येऊन विचारणार, "बाईंबरोबर कोण आहे?" नवरा असला तर उत्तम. नसला तर दीर, जावई, शेजारी, कुणीही चालायचं. बायकांचंच कशाला, म्हाताऱ्या बाप्यांचंही तेच. कुणीच नसलं तर त्या गावाकडं निघालेला गाडीवान होताच. "जरा निरोप द्या, म्हणावं मूळव्याध आहे, तिखट बंद." निरोप त्या माणसापर्यंत पोचायच्या आत सगळं गाव त्याचं तिखट बंद करून बसलेलं असायचं.

तर कोंडाजीनं डॉक्टरला बजावलं, "ती बहिरी हाय. हातवारे करून इचारा." डॉक्टरनं आत नेऊन चिमट्यानं कुसळ काढलं, कानात बॅटरी मारून पाहिलं. मग दुसऱ्या कानात पाहिलं. त्याला काही पटेना. तो तिच्या पाठीमागं गेला आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, हलू नका. पदरावर पाल आहे."

आक्का बाकावरून जी उडाली ती औषधाच्या कपाटाशी जाऊन थांबली.

डॉक्टर हसायला लागला. आक्कानं हात जोडले. "डाक्टर, पाया पडते तुमच्या. ह्यांना सांगू नका. कुनालाच सांगू नका."

"बरं बरं," डॉक्टर म्हणाला. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर म्हणतात तसं. आणि बाहेर येऊन भर ओसरीत, पंचवीस माणसांत म्हणाला, "कोंडाजीराव, पेढे वाटा! बाईंचे कान एकदम खणखणीत. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं त्यांना. माझा तर अंदाज आहे, पहिल्यापासूनच येत असणार."

पेढे राहिले बाजूला. कोंडाजीचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला. ज्या माणसानं इतकी वर्षं बायकोच्या पाठीशी, पुढ्यात, उशाशी मन मोकळं केलं, त्याला एका क्षणात ते सगळं बोलणं आठवलं. घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. बैल आपसूक चालत होते. एका चढावर थांबले, तेव्हा म्हणे हा म्हणाला, "चला हो सर्जेराव."

घरी आल्यावर त्यानं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आक्का सुपात तांदूळ पाखडत होती. यानं मागं पितळी हंडा आपटला. ती पाखडत राहिली. हा म्हणाला, "गोठ्याला आग लागली." ती पाखडत राहिली. मग यानं घसा खाकरून ठेवणीतला बाण काढला, "मी दुसरी बायको करतोय. म्हाळुंग्याची." आक्कानं सुपातला एक खडा शोधला, लांब फेकला आणि पाखडत राहिली. इतक्या वर्षांची तालीम होती, पाल नसली म्हणजे ती कशालाच दचकत नसे.

कोंडाजी पार गोंधळला. डॉक्टर खरा की हंडा खरा? गोंधळलेला माणूस शहाणा असला तर गप्प बसतो. हा गेला आपला दोस्त भिवाजीकडे सल्ला मागायला. भिवाजीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, फक्त हलगीचा खर्च वाचतो. दिवे लागायच्या आत गावभर झालं, गोजराआक्काला ऐकू येतं!

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर काय अवकळा आली म्हणून सांगू! आक्का काळ्या दगडावर एकटी. बाकी साऱ्या बाया खालच्या अंगाला, गढूळ पाण्यात, एकमेकींशीही न बोलता धुणी धूत होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर एकच हिशेब चाललेला, आपण काय काय बोललो? दोन सुना तर माहेरी निघायची तयारी करू लागल्या. धोंडाबाई म्हणजे आमच्या बायांतली पाटलीण. नवरा पाटील नव्हता, आवाज पाटलाचा होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आयतवारी भैरोबाच्या देवळात न्यायची तिला. भंडारा उचलून बोल म्हणावं, ऐकू येतं का न्हाई. सोक्षमोक्ष!"

त्या दुपारी गोजराआक्का माझ्या गोठ्यात आली. मी म्हशीला पेंड घालत होते. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "किस्ना, दार लोट."

माझ्या हातातली पाटी पडली. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, आक्काही बोलायची. तिचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"तू वर्तमानपत्र वाचतीस," ती म्हणाली. "डाक्टरला बोललेलं परत घ्यायला लावता येतं का?"

मी शाळेत गेलेली नाही. किराण्याच्या पुड्या सोडवून त्यावरची अक्षरं लावत वाचायला शिकले, आणि वाचायला आल्यापासून गावाची गाऱ्हाणी घेऊन मामलेदार कचेरीत इतकी जाते की तिथं माझा आवाज ओळखतात. पण बोललेलं परत घ्यायचा कायदा कुठल्या पुडीत आला नव्हता.

"आक्के, ऐकू येतं म्हणून सांगून टाक की! लपवायचं काय त्यात?"

"खुळी हायेस," ती म्हणाली. "ऐकू येतं म्हनलं की उद्या घरातली धा कामं हाक मारून सांगतील, ते सोड. पर त्या बाया कुटं जातील गं? एकेकीचं एक वझं हाय माझ्याकडं. मला ऐकू येत न्हाई म्हणून ठिवलंय. आता परत कुनी ठेवायचं न्हाई, आन ठिवलेलं त्यांना झोपू द्यायचं न्हाई. आन आमचं हे..." ती थांबली. "हे तर कालपासनं बैलांशी बी बोलंनात."

"मग भैरोबापुढं न्हाई म्हणून सांग."

"देवाच्या भंडाऱ्यावर खोटं बोलू? जीभ झडंल. तितवर गोष्ट जायला नको, एवढं बघ तू. मला बहिरी ऱ्हाऊ दे."

लोक माझ्याकडे जमीन मागायला आले, रेशन मागायला आले. बहिरेपण मागायला आलेली ही एकटीच. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईनं पाया पडून सांगितलं, नका सांगू. हा 'बरं बरं' म्हणाला आणि बाहेर जाऊन सांगितलं. पन्नाशीची बाई, नातवंडांची आजी, तिच्या कानावर तिची एवढीही सत्ता नाही? दुसऱ्या दिवशी पहाटे मी पिरंगुटाची वाट धरली.

दवाखान्याची ओसरी गच्च भरलेली. मी सरळ आत.

"डॉक्टर, गोजराबाईंचं तुम्ही त्यांच्या घरी का सांगितलंत?"

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"बघा! मी कोण ते आज विचारताय. परवा कोंडाजीला विचारलं होतंत?"

"अहो, नवरा आहे तो! परका आहे का?"

"नवरा आहे म्हणून तर! परक्याला सांगितलं असतंत तर तो पुढच्या फाट्यावर विसरला असता."

डॉक्टर हसला. ते हसू मला झोंबलं. "बाई, हा काही रोगसुद्धा नाही. कान चांगले आहेत ही चांगली बातमी. ती लपवायची?"

"कान कुणाचे?"

"त्यांचे."

"मग बातमी कुणाची? तुमच्या वडलांची?"

माझा आवाज चढला की मला अडवता येत नाही. ओसरी चिडीचूप होऊन ऐकत होती. मी म्हणाले, "तुम्ही बायाबापड्यांचं, म्हाताऱ्यांचं, सगळ्यांचं असंच सांगता. ज्याचं दुखणं त्याला नुसती औषधाची पुडी, आणि दुखण्याचं नाव गावाला!"

तेवढ्यात ओसरीवरचा कुशाबा ताडकन उठला. सत्तरीचा पैलवान गडी. "व्हय! खरं हाय! माझ्या अंतर्गळाचं माझ्या जावयाला कुनी सांगितलं? तुमीच! जावई आता माझ्याशी कुस्तीचा शब्द काढत न्हाई, नुसता खाली बघतो!"

मागून एक बाई कडाडली, "आन माझ्या मूळव्याधीचं दिराला? दीर रोज जेवताना इचारतो, वयनी, आज कसं काय?"

"माझी खरूज!" कुणीतरी कोपऱ्यातून ओरडलं. "माझी खरूज पौडापतूर गेली, मी अजून हितंच हाय!"

मग जे उठलं ते काय सांगू. जंत, गजकर्ण, लघवीची जळजळ, एकाचे खोटे दात. ज्याचं त्याला वाटत होतं आपल्यावर मोठा अन्याय झालाय, आणि तो किती मोठा ते सांगायचं तर दुखण्याचं नाव मोठ्यानं घेणं आलं. उरवड्याच्या एका म्हाताऱ्याची तर काहीच बातमी फुटली नव्हती. तोही उभा राहून म्हणाला, "मला आव पडतीय, पर ती मी अजून कुनाला सांगितली न्हाई!" आणि खाली बसला. एका तासात पिरंगुटच्या ओसरीवर एवढं जाहीर झालं, जेवढं डॉक्टरला वर्षभर फटफटी फिरवून करता आलं नसतं. ही दुखणी मी इथं लिहिली, ती ज्याची त्यानं चारचौघांत ओरडून सांगितलेली आहेत. त्याला माझा इलाज नाही.

डॉक्टरच्या कपाळावर घाम आला. त्यानं उठून ओसरीकडचं दार लावलं. त्या दाराला कडी आहे हे त्यालाही त्या दिवशीच कळलं असावं.

"मी काय करू म्हणता? खोटं बोलू? त्या बहिऱ्या आहेत असं सांगू?"

"खोटं नको. गप्प बसा. कुणी विचारायला आलं की म्हणा, ज्याचं त्याला विचारा."

"एवढंच?"

"एवढंच. जमेल?"

तो बराच वेळ बॅटरी चालूबंद करत बसला. मग म्हणाला, "त्यांनी हात जोडले होते. मला वाटलं, अडाणी आहेत, घाबरल्यात." मी चिमटा काढणार होते, पण नाही काढला.

शनिवारी भिवाजी खास खात्री करून घ्यायला पिरंगुटाला गेला आणि तोंड पाडून परत आला. "डाक्टर म्हनतो, त्या बाईलाच इचारा."

रविवारी भैरोबाच्या देवळासमोर सगळं गाव. कोंडाजी एका खांबाला टेकून, मिशा खाली. धोंडाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन उभी. आक्का समोर. वाटी हातात आली की तिला खरं बोलावं लागणार होतं, आणि खरं बोलली की काळा दगड कायमचा रिकामा.

धोंडाबाई गरजली, "गोजरे! तुला ऐकू येतं का?"

आक्का म्हणाली, "आं?"

"ऐकू! येतं! का!"

"आं?"

भिवाजी म्हणाला, "असं कसं कळंल? येत असंल तरी आं म्हनंल, नसंल तरी आं म्हनंल. भंडारा हातात द्या!"

धोंडाबाईनं वाटी पुढं केली. तेवढ्यात मागून तानुबाई पुढं आली. ही वरच्या वाडीवरची, मोळ्या घेऊन उतरायची, गावाच्या बैठकीत कधी बोलायची नाही. लाकडाची मोळी तशीच डोक्यावर.

"थांबा वाईच," ती म्हणाली. "माझं एक बोलनं आक्काकडं हाय. लई जुनं. ते माझ्या नवऱ्याला ठावं न्हाई, वाडीला ठावं न्हाई. तुमच्यापैकी कुनी ऐकलंय का?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

"धोंडाबाई, तू ऐकलंस?"

"न्हाई बा."

"भिवाजीदादा, तुमी?"

भिवाजीनं जे ऐकलं नाही असं जगात काही असेल यावर त्याचाच विश्वास बसेना. पण मान हलवावी लागली.

"मग झालं की," तानुबाई म्हणाली. "जिला ऐकू येतं तिच्या तोंडातनं कधी तरी निघतंच. हिच्या तोंडातनं न्हाई निघालं. म्हंजे हिला ऐकू येत न्हाई." आणि मोळी सावरून उतरणीला लागली.

बायांमध्ये कुजबुज झाली. धोंडाबाईच्या हातातली वाटी वर-खाली होऊ लागली. तिचंही काहीतरी असणार आक्काकडे. बघता बघता तिचा चेहरा मऊ झाला. "खरं हाय की," ती म्हणाली. "माझं बी कुटं निघालं न्हाई."

"अगं पर डाक्टर..." भिवाजी कळवळला.

कोंडाजी खांब सोडून पुढं आला. त्यानं भिवाजीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग धोंडाबाईच्या हातातली वाटी काढून घेतली, चिमूटभर भंडारा आक्काच्या कपाळाला लावला, उरलेला स्वतःच्या. "बहिरीच हाय ती," तो म्हणाला. "घरात माझ्या ऱ्हाती का डाक्टरच्या? चला, भाताला उशीर होतोय."

सोमवारी पाणवठ्यावर काळ्या दगडाशेजारच्या जागेवरून दोन सुनांत भांडण झालं.

मी त्या दिवशी पौडाच्या वाटेला निघाले होते. पुढं कोंडाजीची गाडी चालली होती. "चल रे सर्ज्या, आमटीत मीठ घालायला इसरती बया!" त्यानं ठणकावून सांगितलं आणि मागं वळून गोड हसला. आक्काही हसली. मग तो पुन्हा वळला, बैलांकडं न बघता तिच्याचकडं, आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. काय, ते मला ठाऊक नाही. आक्कानं पुढं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती समोरच्या डोंगराकडं बघत होती. त्याचं बोलणं संपलं, तेव्हा तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आं?"

कोंडाजीनं कासरा सैल सोडला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागला.